मामाची जागा

बोरगाव, ज्येष्ठ, १९४५

सुबराव, माझ्या धाकट्या भावा,

गेल्या महिन्यात माझ्या चंपाच्या लग्नात तू मांडवाबाहेर चिंचेखाली तोंडाला टॉवेल बांधून उभा होतास. म्हणालास, "आक्का, मी हितनंच अक्षता टाकतो गं. पोरीला माझा क्षय लागाय नको." मी म्हणाले, "व्हय, तिथंच थांब." तिच्या पाठीशी मामा म्हणून शेजारचा आण्णाप्पा उभा राहिला.

तुला क्षय नाही, सुबराव. लग्नाआधीच मला ते ठाऊक होतं. बेळगावच्या डॉक्टरांनी तुला तपासल्यावर मला बाजूला बोलावून सांगितलं, "लढाईत तीन वर्षं वाळवंटाची बारीक धूळ छातीत गेली आहे. दम लागणारच. पण हे दुसऱ्याला होत नाही." बाहेर तू हसत विचारलंस, "काय म्हंत्यात? वाळवंट आणलंस, उंट कुठं ठेवलास म्हंत्यात?" मी नुसती मान हलवली, आणि तू क्षयच धरून बसलास.

तुझा खोकला ऐकून निपाणीचे व्याही सोयरीक मोडतील, अशी भीती होती. तू आपणहून दूर राहिलास, ते मला सोयीचं झालं. आता लोंढ्याला एकटा राहतोस आणि पोरं जवळ आली की हाकलतोस म्हणे.

धुळीनं तुझे डोळेही अधू झालेत, पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. माझं पाप तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पोस्टात टाकत नाही. उद्या मीच येऊन वाचून दाखवते. ऐकल्यावर मला घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी म्हणवायला लाजणारी,
मालुआक्का