डावी बाजू मास्तरची

घर,
३ मार्च

प्रिय बाईसाहेब,

ओला! म्हणजे नमस्कार. तू लेकीच्या बाळंतपणाला तिकडे परदेशी गेलीस आणि इकडे म्हातारपणी मला स्पॅनिश शिकायची वेळ आणलीस, तेव्हा निदान सुरुवात तरी त्या भाषेत करतो. लेक बरी आहे ना? नातीचं रडणं फोनवर ऐकलं. आवाज थेट तुझ्यावर गेलाय. फोनवर तुम्ही सगळे एकदम बोलता, मला काही सुधरत नाही. आपला कागदच बरा.

इकडे सगळं ठीक. तुझ्या कुंड्या अजून जिवंत आहेत. काचेचा मोठा जग फुटला, टेबलाच्या कडेला होता. दाराची चौकट माझ्या डाव्या खांद्याला जरा लागली. चौकट लग्नापासून तिथेच आहे, हे तू लिहिणारच, म्हणून मीच लिहून टाकतो.

आता गंमत ऐक. माझ्याकडे गाडी शिकायला एक बाई येते. परदेशी पाहुण्यांना शहर दाखवण्याचं काम करते, स्पॅनिश फडाफडा बोलते. आमचं ठरलं, मी तिला गाडी शिकवायची, तिने मला भाषा. वेगळी शिकवणी नाहीच. मी माझ्या डाव्या सीटवरून रस्ता सांगायचा तो स्पॅनिशमध्ये, आणि तिने न हसता गाडी चालवायची. उजवीकडे म्हणजे देरेचा. डावीकडे म्हणजे इस्किएर्दा. हा शब्द म्हणताना माझी कवळी हलते. सरळ म्हणजे रेक्तो, थांब म्हणजे पारा. सिग्नलला सेमाफोरो, कोपऱ्याला एस्किना, बसथांब्याला परादा. जवळ म्हणजे सेर्का आणि लांब म्हणजे लेखोस. तू फार लेखोस आहेस.

दुसऱ्याच दिवशी मी इस्किएर्दाच्या जागी ऐटीत देरेचा म्हणालो. गाइडबाई पडली आज्ञाधारक. गाडी सरळ धुलाई केंद्रात शिरली, फवारे सुरू झाले, आणि खिडक्या सताड उघड्या. दोघंही साबणासकट न्हाऊन निघालो. बाहेरचा पोरगा विचारतो, "मास्तर, वर पॉलिशपण मारू का?"

एक वाक्य मात्र मी शिकलो नाही. 'एस्तॉय पेर्दिदो.' म्हणजे मी वाट चुकलोय. गाइडबाई म्हणाली, "मास्तर, परक्या शहरात हे पहिलं हवं." म्हटलं, बाई, निम्म्या गावाला स्टिअरिंग धरायला मी शिकवलं. मी कुणाला रस्ता विचारू?

लेक माझ्या तिकिटाचं विचारते आहे. तिला सांग, परवान्याच्या परीक्षांचे दिवस आहेत, शिकणाऱ्यांची रांग लागली आहे. पुढे बघू. गाडी सध्या झाकून ठेवली आहे, किरकोळ काम निघालंय.

नातीला पापा.

तुझा,
मास्तर


लेकीचं घर,
१९ मार्च

प्रिय मास्तरांस,

ओला कसलं, साष्टांग दंडवत घ्या! लेकीला पत्र वाचून दाखवलं, तर हसून हसून तिचे टाके दुखले. नात छान आहे. झोपेत एक भुवई वर करते, तुम्ही क्लच चुकलेल्या माणसाकडे बघता तशी.

मी आता एकटी बाहेर पडते. होय, मीच! तिकडे किराणा आणायलाही तुम्ही गाडीतून सोडायचात, त्यामुळे आपल्याच गावाचे रस्ते मला कधी कळले नाहीत. काचेतून नुसती दुकानं पळताना बघितली. इथे पायी फिरून कळतंय. कोपऱ्यावर पाववाला, त्याच्या पुढे चांभार, मग औषधांचं दुकान, तिथून देरेचा वळलं की बसथांबा. बसचा ड्रायव्हर आता हात करतो मला.

पहिल्या दिवशी मी चुकीच्या थांब्यावर उतरले. कसली पाचावर धारण बसली! शेवटी एका फळवालीपुढे उभी राहिले आणि तुम्हाला नको असलेलं तेच वाक्य म्हटलं. आम्हा बायकांना शेवटी 'पेर्दिदा' म्हणायचं असतं. तिने दुकान शेजारणीवर सोपवलं आणि थेट लेकीच्या दारापर्यंत सोडलं. निघताना दोन सफरचंदं हातात दिली. मास्तर, चुकले म्हणायला लाज कसली? ते एक वाक्य आलं आणि मग या शहराची भीतीच गेली.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात शिकणाऱ्यांना एकही शिवी नाही. 'गिअर म्हणजे काय पाट्यावरचा वरवंटा समजतात काय,' असं काहीतरी असल्याशिवाय तुमचं पान भरत नाही. रांग लागली म्हणता आणि गाडी झाकून ठेवली म्हणता. मग ती रांग काय पायी शिकते आहे? जग फुटला, खांदा आपटला. माझ्यापासून काय लपवताय?

खरं लिहा. नाहीतर लेकीला अशीच सोडून मिळेल त्या विमानाने येते. मी काही नुसती धमकी देत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
(रागावलेली) बाईसाहेब


घर,
२ एप्रिल

प्रिये,

असं तुला कधी लिहिलं नव्हतं. आज लिहितो, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

तू येऊ नकोस. लेकीला तुझी गरज आहे. आधी हे कबूल कर आणि मग पुढे वाच.

गाडी ठणठणीत आहे. काम माझ्या डोळ्यांत निघालंय. धुलाईनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. गाइडबाई चालवत होती आणि मी शेजारी बसून स्पॅनिश झाडत होतो. तुला माहीत आहे, माझ्या पायाशीही ब्रेक असतो. नवीन माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगतो, तू समोर बघ, उजवीकडे बघ, आरशात बघ. डावी बाजू मास्तरची. तिकडून कोणी आलं तर तुझ्याआधी माझा पाय पडेल, तू घाबरू नकोस. या एका शब्दावर लोक माझ्या गाडीत बसले.

त्या दिवशी डावीकडच्या फुटपाथवरून एक बाई बाबागाडी घेऊन रस्त्यात उतरली. मी तोंडाने "रेक्तो, रेक्तो" म्हणत होतो. सरळ चल, सरळ चल. माझा पाय हललाच नाही. ब्रेक गाइडबाईने दाबला. मला वाटलं, हिने उगाच दाबला, आणि मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती बाई बाबागाडी ओढत बॉनेटसमोर आली. हातभर अंतर नव्हतं. आतलं मूल जागं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. आपल्या नातीएवढंच असेल. गाइडबाई रडायला लागली. मी उतरलो आणि त्या बाईपुढे हात जोडले.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली आहे, ती परत येत नाही. उरलेली टिकवायला थेंब दिलेत, ते न चुकता घालतो. उजवा शाबूत आहे. आयुष्यभर नाकासमोर चाललो, आता दिसतंही नाकासमोरचंच. शिकवणी बंद केली. पाटी काढून जिन्याखाली ठेवली. गाइडबाईला दुसऱ्या मास्तरकडे पाठवलं, ती पास झाली. परवाना दाखवायला आली होती. तिला बघून फार आनंद झाला, आणि ती गेल्यावर बराच वेळ झाकलेल्या गाडीत जाऊन बसलो.

तुला कळवलं नाही, कारण तू सगळं टाकून येशील ही भीती होती. हे निम्मं खरं. उरलेलं निम्मं असं, की तुला जिथे जायचं तिथे मी नेत आलो, आणि आता परक्या गावात तू पुढे आणि मी तुझा पदर धरून मागे, हे चित्र मला सोसेना. मग तुझं पत्र आलं. तू फळवालीला विचारून घरी पोचलीस हे वाचून मला तुझा इतका अभिमान वाटला, की शेजाऱ्यांना बोलावून ते वाचून दाखवलं. त्यानंतर लाज कसली बाळगायची?

लेकीला सांग, तिकीट काढ. सगळ्यात लवकरचं मिळेल ते. परतीचं आत्ता नको. विमानतळावर वाट विचारायला लागली तर विचारीन. एस्तॉय पेर्दिदो. केलं पाठ. इस्किएर्दापेक्षा सोपं आहे, कवळी जागची हलत नाही.

तुझ्याकडे एकच मागणं. मी बाहेर येईन तेव्हा लांबून हात करू नकोस, गर्दीत मला दिसायचा नाही. जवळ ये आणि माझ्या डावीकडून हात धर. मी दचकेन, हसू नकोस. मग तुझ्या त्या पाववाल्याकडे, चांभाराकडे, ड्रायव्हरकडे, सगळीकडे मला ने. डावीकडून काही आलं तर नुसतं 'पारा' म्हण. मी थांबेन. कुणाच्या शब्दावर थांबायची मला सवय नाही, पण शिकेन.

आपल्या लग्नाचा फोटो पुसताना आज पाहिलं, तू माझ्या डावीकडेच उभी आहेस. बाईसाहेब, आता ती बाजू तुझी.

तुझ्या उजव्या हाताला चालणारा,
मास्तर