डाव्या हाताची बोटं

रविवार, संध्याकाळ. सूस

आज गिटार घेऊन मुळशीला गेलो, नंदूसरांच्या बंगल्यावर. आपल्या लाडक्या रॉक बँडच्या गिटारिस्टचा डावा हात पक्षाघातानं लुळा पडलाय, हे ठाऊक असून गेलो. वर धडधडीत खोटं बोललो. म्हटलं, सर, बाकीचे तिघं नव्या गाण्यांना तयार आहेत, फक्त तुमचा होकार हवाय. खरं तर त्यातला एकही माझा फोन उचलत नाही. पण बँड फुटल्यापासून तीस वर्षं ते परत एकत्र यायची वाट बघत थांबलोय, एवढं खोटं चालत नाही का?

त्यांचं सगळं बघणाऱ्या पारूबाई दारातच म्हणाल्या, "हात हालत न्हाई त्यांचा. दिसत न्हाई व्हय तुमाला?"

दिसत होतं की. तरी मी तो हात उचलला आणि एकेक बोट तारेवर ठेवलं. ही कॉर्ड मी त्यांच्याच कॅसेटवरून शिकलो. बोटं सारखी घसरत होती. शेवटी वरून मीच दाबून धरली आणि सरांनी उजव्या हातानं तारा छेडल्या.

सर रडायलाच लागले. "जमतंय की रे! सांग त्यांना, मी येतो."

त्यांना कळलंच नाही का, बोटं कोण दाबत होतं ते?

पारूबाई फाटकापर्यंत आल्या. "आता रोज वाट बघत बसत्याल. काय सांगू मी त्यास्नी?"

मी गाडी काढली. तीस वर्षं मी वाट बघितली. आता जरा त्यांनी बघावी.