पश्चिमेच्या भिंतीचं सिमेंट

बाबा,

लोहाऱ्याच्या अडत्याच्या गोदामाची पश्चिमेची भिंत तुम्हांला आठवत असेलच. तिच्याबद्दल आपण दोघं पुन्हा कधी बोललो नाही. तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली, मी आता काठी घेऊन चालतो, तरी तो विषय मी कुणापुढं काढलेला नाही.

निजामाचं राज्य होतं, तिकडं दुसरं महायुद्ध चालू होतं. भिंतीवर बाहेरून पांढरा लोणा, मिठासारखा खार, फुलला होता आणि सांध्यांतला चुना बोट लावलं की पिठासारखा गळत होता. तुम्ही जुने गवंडी. मी उर्दू शाळेत शिकून ठेकेदाराकडं देखरेखीला लागलेला. ते काम माझ्याकडं होतं, तुम्हांला मीच बोलावलं होतं. तुम्ही पायथ्याची माती उकरून पाहिलीत. म्हणालात, "पाणी खालून चढतंय. आधी चर खणू, लोणा कोरड्या कुंच्यानं झाडू, उन्हाळाभर भिंत वाळू दे. मग चुना." मी म्हणालो, "चुना बैलाच्या घाणीत मळेपर्यंत पाऊस येईल. मी सिमेंट आणलंय." त्या दिवसांत सिमेंट मिळत नव्हतं. चार पोत्यांसाठी मी सोलापूरला खेटे घातले होते, निजामाच्या हद्दीच्या नाक्यावर हातापाया पडलो होतो, आणि त्याचा मला गर्व होता. तुम्ही हसलात. "आरं, भिंतीला अंगरखा घाल, चिलखत न्हाय. तिला बी घाम येतो." मजूर हसले, ते मला लागलं. मी म्हणालो, "बाबा, आता दिवस बदलले. तुम्ही फक्त थापी चालवा." तुम्ही उठून गेला नाहीत. मी सांगितलं तसेच सगळे सांधे सिमेंटनं भरून दिलेत, एकेक रेघ सरळ.

दोन पावसाळे गेले. अडत्यानं आपल्या दोघांना बोलावलं आहे. आपण भिंतीसमोर उभे आहोत. सिमेंटचे सांधे जाळीसारखे तसेच उभे, आणि मधल्या विटांचे पापुद्रे सुटून खाली ढीग पडलेला. कोंडलेलं पाणी विटांतून आत शिरलं होतं, ज्वारीच्या थप्प्यांना बुरशी आली होती. पेठेतली चार माणसं जमली आहेत. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला अडत्या तुम्हांला म्हणतो, "काय मिस्त्री, माझी ज्वारी भिजवायला भिंत बांधली काय? कुणाची अक्कल ही?" मग माझ्याकडं वळतो. "तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा." ठेकेदार शेजारीच उभा होता. मी म्हणालो, "सिमेंटचा दोष नाही, अप्पा. कालवण्यात बाबांचा हात चुकला. त्यांना सवय नाही."

तुम्ही माझ्याकडं एकदाच पाहिलंत. मग म्हणालात, "व्हय अप्पा. हात बसला न्हाय माझा."

"मग आता नातवंडं खेळवा, मिस्त्री," तो म्हणाला आणि सगळे हसले. त्यानंतर लोहाऱ्यात तुम्हांला कुणी विटेचं काम दिलं नाही. चाळीस वर्षं भिंती उभ्या केलेला माणूस लोकांचे गोठे लिंपत फिरला. त्या दिवशी परतताना गाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "तुझी नोकरी टिकली पायजे. माझं काय, झालं आता." मी बैलांकडं बघत राहिलो.

मागच्या महिन्यात त्या अडत्याचा मुलगा भेटला. तो अजून त्याच पेठेत बसतो. चहा पाजला आणि म्हणाला, "तुमच्या वडलांचं तेवढं एक काम बिघडलं बघा. नाहीतर हात लई चांगला होता म्हणायचे आमचे अप्पा." मी बशीत चहा ओतत होतो. "व्हय," म्हणालो.

दोन वाक्यांत त्याला खरं सांगून झालं असतं. ती मला जमली नाहीत, म्हणून घरी येऊन हे लिहायला बसलो. खरं तर हे पत्र त्याला लिहायला हवं होतं. तुम्हांला लिहिणं सोपं गेलं, कारण तुम्हांला हे सगळं ठाऊकच होतं.