पुढचा ब्रेक

आबा, तुमची मोटारसायकल मी पुन्हा उभी केली आहे. टाकी तुमची, चासी तुमची, बाकी जवळजवळ सगळं नवं. हट्ट तुमच्या नातीचा. तिला धुळ्याला नोकरी लागली आहे आणि दर शनिवारी याच गाडीवर, महामार्गाने, जळगावला घरी येणार म्हणते.

गॅरेजात पार्ट निवडताना मायलेकी हौसेने भांडलो. हेडलाइट गोल हवा, सीट अशी हवी, मडगार्ड तसं हवं. पुढच्या ब्रेकपाशी तिला जुना ड्रमच हवा होता, गाडी जुनी दिसली पाहिजे ना! मिस्त्री म्हणाला, "ताई, दिसण्याचं सोडा. वेगात गाडी पुढच्या ब्रेकनेच आवरते. मागचा एकटा दाबला की चाक नुसतं घसरत जातं. डिस्क लावा." घसरत जातं म्हणाला आणि मी हातातला ड्रम खाली ठेवला.

दहावीनंतरच्या सुट्टीत तुम्ही मला शिंदखेड्याजवळच्या खडीच्या रस्त्यावर गाडी शिकवत होतात. मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि दोघेही पडलो. माझा गुडघा फुटलेला, आणि तुम्ही ओरडताय, "पुढला ब्रेकले हात लावू नको माय, तोंडवर पडशी!" घरी आल्यावर आधी हळद लावलीत, मग पाना घेऊन पुढच्या ब्रेकची केबलच काढून टाकलीत. पुढे स्वतःही तशीच चालवलीत, वर्षानुवर्षं. आपल्याकडे पुष्कळ जण तशीच चालवायचे. मग एके दिवशी कापसाची ट्रॉली आडवी आली आणि तुम्ही गेलात. रस्त्यावर मागच्या टायरचा काळा पट्टा लांबच लांब उमटला होता, आणि लोक म्हणत होते, बिचाऱ्याने ब्रेक तर पुरा दाबलेला दिसतो. मिस्त्री बोलेपर्यंत मीही तेच म्हणत आले.

तुमच्यावर रागावू तरी कशी? माझ्या काळजीपोटीच काढलीत ना केबल. आणि मीही पोरीला तेच शिकवून बसले, तुमच्याच शब्दांत. आता भीती वाटते, फार वाटते, आणि कुणाला सांगू म्हणून तुम्हाला लिहिते आहे. डिस्क बसवली, चांगल्यातली. पण पोर हात लावेना. "आई, तूच म्हणायचीस ना, पडशील म्हणून? आधी तू दाबून दाखव." सोमवारी तिला निघायचं आहे.

काल सकाळी असोद्याच्या रस्त्यावर गेलो. ती कडेला उभी राहिली, मी वेग घेतला. बोटं ब्रेकवर आहेत, कानात तुम्ही ओरडताय, आणि बोटं वळतच नाहीत, आबा, लाकडं झाली आहेत त्यांची. शेवटी मी पायाने दाबला. मागचं चाक थोडं घसरलं आणि गाडी थांबली. पोर धावत आली, तोंडभर हसत. "पुढचाच दाबलास ना?"

मी हो म्हणाले.