राणीचा कापलेला विलाप

लंडन, मंगळवार

लाडक्या हेस्टर,

मी बरी आहे, नीट जेवते. आईचा खोकला कसा आहे?

आमच्या नाटकमंडळीचे मालक आणि नायक गॅरावेसाहेब यांनी राणीचा, म्हणजे माझा, विलाप कापला. मिरवणुकीत खरे घोडे आणायचेत ना. म्हणाले, "बाई, कविता ऐकायला कोण येतं? लोक माझं चिलखत बघायला येतात." त्यात एकदा आडवे झाले की त्यांना दोघांनी धरून उठवावं लागतं.

नाटकाची शेवटची ओळ मात्र माझीच आहे. अपशकुन नको म्हणून ती तालमीत कुणीच म्हणत नाही. उद्या पहिल्या प्रयोगात तिच्याआधी मी सगळा विलाप म्हणणार आहे. तोवर साहेब मरून पडलेले असतील, चिलखतासकट.

काम गेलं तर घरीच येईन. माझी खाट कुणाला देऊ नकोस.

आईला माझा पापा.

तुझी,
ऑगस्टा