हिरालालदादाला माफ करण्याचे चाळीस दिवस

५ मार्च, भस्म बुधवार. सकाळी ६.
उपवासकाळ सुरू. चाळीस दिवस चहा बंद, राग बंद. आणि ईस्टरच्या प्रभुभोजनाआधी बिरसीला जाऊन हिरालालदादाला माफ करणार. सहा वर्षं झाली, सख्खा भाऊ बोलत नाही, चर्चलाही येत नाही. का? तर मी भर उपासनेत उभं राहून, नाव घेऊन, त्याची दारू सुटावी म्हणून प्रार्थनेची विनंती केली. लोक भावासाठी एवढंही करत नाहीत.

त्याच दिवशी, ११ वाजता.
चहा घेतला. ऑफिसात साहेबांनीच मागवला होता. नाही म्हणणं हाही एक गर्वच.

१६ मार्च, रविवार.
बिरसीला गेलो नाही. आधी प्रार्थनेचं बळ हवं. म्हणून चर्चमध्ये विनंती ठेवली, 'कठोर मनाच्या एका भावासाठी'. नाव घेतलं नाही. नम्रता वाढते आहे. मंडळी मोजून सत्तर माणसांची, सगळ्यांना कळलंच, त्याला माझा इलाज नाही. बायको फुलचूरला घरी पोचेपर्यंत गप्प होती. तिला उपदेश भिडला असावा.

३० मार्च.
नूतन म्हणते, माफी द्यायले कायले जाता, मागाले जा. बायकोला कृपेचा सिद्धांत कोण समजावणार? रागावलो नाही. फक्त ताट सरकवलं. नाहीतरी उपवासच होता.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार.
अर्ध्या रस्त्यातून परत. ऊन फार.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार.
गेलो! दादाचे केस पार पांढरे झालेत. दारू चार वर्षांपूर्वीच सोडली म्हणे. आम्हाला पत्ताच नाही. त्याने खाट टाकली, पाणी दिलं. मी माफीचं भाषण पाठ करून गेलो होतो. तोंडातून निघालं, चुकलं माझं. दादा लहान पोरासारखा रडला. म्हणाला, रविवारी येतो, पण माझ्या घरच्या गोष्टी चर्चमंधी सांगू नोको बापा. हातात हात घेऊन शब्द दिला. वहिनीने वाढलेलं पोटभर जेवलो. इतका आनंद मला आठवत नाही.

२० एप्रिल, ईस्टर. संध्याकाळी ५.
दादा आला होता. पांढरा शर्ट, शेवटचा बाक. पास्टरसाहेबांनी विचारलं, देवाने केलेल्या कामाची कोणाची साक्ष आहे का? मी उठणार नव्हतो. पण एवढा चमत्कार लपवायचा म्हणजे देवाचं गौरव चोरणं. दोनच मिनिटं बोलणार होतो. दारू, सहा वर्षं, खाटेवरचं रडणं, सगळं आलं. बायका डोळे पुसत होत्या. दादा उठला, प्रभुभोजनाच्या भाकर-प्याल्याआधीच निघून गेला. मला दिसलं. तरी बोलत राहिलो, साक्षीचा शेवट राहिला होता.

मग मी प्याला घेतला.

दादा फोन उचलत नाही. वहिनीने एकदा उचलला. ते जेवून नाही राहिले, म्हणाली, आता फोन करू नका. नूतन बसने बिरसीला गेली. मला चला म्हणाली नाही.

पास्टरसाहेबांचा मेसेज आला. साक्षीने मंडळी हलली, पुढच्या महिन्यात सडक अर्जुनीच्या सभेत पुन्हा द्याल का?

लाज वाटते आहे. खरंच वाटते आहे.

हो म्हणून कळवलं.