फ्रीजमधली चिमणी

प्रिय चंदन,

तुझं लांबलचक पत्र दोनदा वाचलं, मग तुझ्या सखूआत्यालाही वाचून दाखवलं. मरण आलं की लगेच रक्ताच्या जागी बर्फ होऊ न देणारा द्रव भरायचा, देह नायट्रोजनच्या टाकीत ठेवायचा, आणि पुढे कधी विज्ञानाला जमलं की मला उठवायचं. त्यासाठी तुला माझा होकार हवाय. आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, उठल्यावर दात येतील का.

तुला मी नावं कशी ठेवू? तळेगावच्या बाजारात स्टुलावर उभा राहून मीच गरजायचो की म्हातारपण हे नशीब नाही, तो आजार आहे, आणि आज ना उद्या त्यावर इलाज निघणार. तू पुढे मांडी घालून बसलेला असायचास. तुझी आई भाजीची पिशवी घेऊन मागे उभी राहायची आणि नेमकी माझा आवाज चढला की म्हणायची, 'हे लोकाइले अमर करून राह्यले, अन् घरी दूध उतू गेलं.' लोक हसायचे. मी चिडायचो, पण तिच्या बोलण्यानंतरचं माझं वाक्य नेहमी जास्त रंगायचं.

घरात पहिला फ्रीज आला तो उन्हाळा आठवतो? पंख्याला धडकून मेलेली चिमणी तू बर्फाच्या कप्प्यात ठेवलीस. औषध निघेपर्यंत. मी ती फेकायला निघालो, तर तुझ्या आईने ती डब्यात घातली, बर्फाचा ट्रे बाहेर काढला आणि मला बजावलं, 'त्यानं तुमचंच ऐकलं. आता त्याले हसू नका.' पाहुण्यांना उन्हाळाभर माठातलंच पाणी मिळालं. शाळा सुरू व्हायच्या आधी तूच डबा उघडलास, बराच वेळ बघत बसलास, आणि विहिरीजवळच्या संत्र्याखाली खड्डा खणलास. पेशी म्हाताऱ्या का होतात हे शोधणारा माणूस त्या दिवशी घडला, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं असेल-नसेल, सांगायला बरं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात तुझी आई गेली, तेव्हा तू पोचेपर्यंत दोन दिवस तिला वर्ध्याहून आणलेल्या काचेच्या थंड पेटीत ठेवलं. सखू काचेवरचं पाणी पदराने पुसत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, 'इले थंडी सोसत नाई रे भाऊ. इले बर्फात काऊन ठेवलं?' लाइट गेली की शेजारचा किसनराव जनरेटरकडे धावायचा. तू आलास, काचेवर हात ठेवलास आणि तो बधिर झाला तरी उचलला नाहीस. टाकीचा विचार तुझ्या मनात तिथेच आला असणार.

मरणाचे गोडवे गाणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. मला मरायचं नाही. आणखी वीस वर्षं देतोस? आज घेतो. जिवंत माणसाचं म्हातारपण लांबणीवर टाकण्याचं तुझं काम जोरात चालू दे, त्यासाठी मी अजूनही स्टुलावर चढेन. पण टाकीतून अजून एकही माणूस उठलेला नाही, हे तूच प्रामाणिकपणे लिहिलंस. आणि समज, मी उठलो. माझं भाषण मध्येच तोडणारी कुठून आणशील?

म्हणून माझा नकार. आणि आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मागच्या आठवड्यात सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात तपासून आलो. हृदय थकलंय. डॉक्टरीणबाई वर्षांच्या गोष्टी करत नाहीत, महिन्यांच्या करतात. तिथेच देहदानाची नोंद केली. शिकणाऱ्या मुलांच्या तरी कामी येईन. मात्र देह काही तासांत पोचवावा लागतो. माझ्यासाठी पेटी आणायची नाही, तुझ्यासाठी कोणी थांबणार नाही. त्या दिवशी विमानासाठी धावू नकोस. आत्ता ये. मृग बहाराची संत्री फेब्रुवारीत तोडणीला येतील. चिमणीचं झाड व्यापाऱ्याला दिलेलं नाही. तू परत निघालास की मी एसटीच्या खिडकीशी उपदेश करत राहायचो, आणि तुझी आई एकच शब्द बोलायची. आज उपदेश नाही. येजो.

तुझाच,
अण्णा